अडली आणि मोकळी झाली

दिवाळीच्या अंकात बाळंतपणाची गोष्ट निघालेली पाहून एखाद्या आजीबाईंच्या कपाळाला आठी पडेल. फराळाचे ताट पुढे आहे, दारात पणत्या तेवत आहेत, घर पोराबाळांनी भरले आहे, आणि या मास्तरांना आजच्या दिवशी कसल्या कळा आठवल्या? पण घर पोराबाळांनी भरले आहे, याचाच अर्थ असा की त्या घरातील कुणी ना कुणी त्या कळा सोसल्या आहेत. तेव्हा हा विषय सणाला अगदीच परका नाही, एवढे म्हणून मी पुढे जातो.

मला सांगायची आहे ती एका शब्दाची हकिकत. तो शब्द आहे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, कॅन्टनकडचा. कॅन्टन म्हणजे आजचे ग्वांगचौ. हे नाव आपल्या मुंबईला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईची गलबते कापूस आणि अफू घेऊन त्या बंदराला लागत. ज्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे, त्या जमशेटजी जीजीभाईंनी आपली दौलत याच व्यापारात मिळवली. पुढे त्या मुलखातील खलाशी आणि कारागीर मुंबईत येऊन राहिले, आणि त्यांनी १९१९ साली माझगावात बांधलेले लहानसे चिनी देऊळ आजही उभे आहे. हे लोक जी भाषा बोलतात तिला कॅन्टनी म्हणतात. हाँगकाँग आणि मकाव या दोन्ही ठिकाणी तीच चालते. तिच्यात चहाला 'छा' म्हणतात, म्हणजे रोज सकाळी आपण नकळत त्यांचा एक शब्द उच्चारतोच. आज दुसरा शिकू.

तो शब्द आहे 'नान्-छान्'. 'नान्' म्हणजे कठीण आणि 'छान्' म्हणजे प्रसूती. मराठी कानाला 'छान' ऐकून हसू येईल, पण या शब्दात छान असे काही नाही. बाई अडली, मूल आडवे किंवा उलटे आले, दोन दोन दिवस कळा देऊनही सुटका होत नाही, अशा बाळंतपणाला कॅन्टनी माणूस 'नान्-छान्' म्हणतो. याच्या उलट, सुखरूप झालेल्या बाळंतपणाला 'सुन्-छान्' म्हणतात. त्यातल्या 'सुन्'चा अर्थ प्रवाहाच्या दिशेने, अनुकूल असा आहे.

चिनी भाषांमध्ये शब्दाला सूर असतो आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. 'नान्-छान्' म्हणताना पहिले अक्षर खाली बसत जाते आणि दुसरे वर चढते. हेच 'नान्' अक्षर थोड्या वेगळ्या सुरात म्हटले की त्याचा अर्थ कठीण असा न राहता 'संकट' असा होतो. लिहिताना दोहोंची आकृती एकच. म्हणजे कठीण आणि संकट यांच्यामध्ये त्या भाषेत फक्त आवाजाचे अंतर आहे. ज्यांनी रात्री बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसून आतला आवाज ऐकला आहे, त्यांना हे अंतर किती थोडे असते ते सांगायला नको.

'छान्' या अक्षराची गंमत निराळीच. त्याचा अर्थ प्रसूती, तसाच पीक, माल आणि मालमत्ताही. जमीनजुमला, कारखानदारी, एखाद्या गावची प्रसिद्ध वस्तू या सगळ्यांच्या नावांत हे अक्षर येते. आपल्याकडेही 'उत्पन्न' म्हणजे मुळात जन्मलेले, आणि आज आपण तो शब्द शेताच्या आणि पगाराच्या हिशेबात वापरतो. दोन देशांच्या माणसांनी एकमेकांना न विचारता धन आणि संतान एकाच शब्दात ठेवावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चिनी लिपीत या अक्षराच्या जुन्या आकृतीखाली 'जन्म' या अर्थाचे चिन्ह असे. १९५० नंतर चीनच्या सरकारने लिपी सुटसुटीत केली तेव्हा नेमके ते चिन्ह गळाले. हाँगकाँगमध्ये अजून जुनीच आकृती लिहितात. म्हणजे तिथल्या प्रसूतीत जन्म शिल्लक आहे!

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हा शब्द एकट्या कॅन्टनचा नाही. साऱ्या चीनभर तो चालतो, आणि चिनी अक्षरांबरोबर प्रवास करून तो जपानात 'नान्झान' आणि कोरियात 'नान्सान' झाला आहे. पण मी त्याला कॅन्टनमध्येच गाठायचे ठरवले, याचे कारण तिथल्या बाळंतपणाच्या रीती आपल्या माजघराच्या इतक्या जवळच्या आहेत की वाचकाला परके वाटणार नाही.

तिथे सुइणीला 'चप्-मा' म्हणत. 'चप्' म्हणजे उचलून घेणे आणि 'मा' म्हणजे आई. मूल उचलून घेणारी ती 'चप्-मा'. बाळंतीण पुढे महिनाभर घराबाहेर पडत नाही. या रीतीचे नाव 'महिना बसणे'. त्या महिन्यात तिला डुकराचे पाय, आले आणि अंडी गोडसर काळ्या शिरक्यात तासन्‌तास शिजवून खाऊ घालतात, आणि तेच कालवण नातेवाइकांकडे वाटून मूल झाल्याची बातमी कळवतात. आपल्याकडचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, बाळंतविडा हे सारे आठवावे आणि पदार्थ तेवढे बदलावेत. आपल्या सटवाईसारखीच तिथे बाळंतपणाची देवी आहे. तिचे नाव 'कम्-फा', म्हणजे सोन्याचे फूल. चिनी पंचांगाच्या चौथ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी तिचा जन्मदिवस साजरा होतो. हाँगकाँगच्या पेंग चाऊ बेटावर तिचे देऊळ आहे.

या देवीच्या कथा निरनिराळ्या सांगतात. त्यांतली एक आपल्या शब्दाशी थेट जुळते. कॅन्टनमध्ये एका बड्या अधिकाऱ्याची पत्नी अडली. दिवसामागून दिवस गेले, सुटका होईना, आशा संपत आली. तेव्हा स्वप्नात दृष्टांत झाला की, कम्-फा नावाची मुलगी शोधून आणा, ती आली की मूल होईल. माणसे धावली. गावात त्या नावाची एक कुमारिका होती, तिला वाड्यात आणले. तिने उंबरा ओलांडला आणि आत मुलाचा टाहो ऐकू आला.

गोष्ट इथे संपली असती तर ती आनंदाची झाली असती. पण पुढे त्या मुलीशी लग्न करायला कुणी धजेना. जिच्या पावलाने परक्या बाईची प्रसूती झाली, ती मुलगी कुमारिका कशी म्हणावी, तिच्यात काही तरी अमानुष असले पाहिजे, अशी कुजबुज झाली. लाजेने त्या मुलीने तळ्यात जीव दिला. मग त्याच लोकांनी तिची मूर्ती केली, तिला देवी म्हटले आणि अडलेल्या लेकीसुनांसाठी तिला नवस बोलू लागले.

ही कथा खरी की खोटी याचा निवाडा कुणी करू नये. पण ती रचणाऱ्या लोकांनी स्वतःविषयी एक कडू सत्य तिच्यात ठेवून दिले आहे. बाळंतपण अवघड गेले की माणसाला कुणी तरी जबाबदार हवा असतो. सुईण, सासू, सुनेचे पाऊल, ग्रहण, शेजारीण, आणि कुणीच सापडले नाही तर मदतीला आलेली मुलगी! शब्द मात्र कुणावर बोट ठेवत नाही. 'कठीण' आणि 'प्रसूती' एवढेच तो म्हणतो. त्यात कर्ता नाही. आपली मराठी पाहा. 'बाई अडली' म्हटले की जणू तीच वाटेत थांबली, आणि 'मूल आडवे आले' म्हटले की जणू ते मुद्दाम वाट अडवून बसले. चिनी शब्दाने आईला आणि मुलाला दोघांनाही सोडून दिले आहे. त्या शब्दातली ही दया मला मोठी वाटते.

वैद्यांनीही हळूहळू याच दिशेने विचार केला. चीनमध्ये १०९८ साली यांग त्झु-च्येन नावाच्या वैद्याने प्रसूतीच्या दहा प्रकारांवर एक निबंध लिहिला. मूल आडवे असेल, पाय आधी येत असतील, डोके एका बाजूला कलले असेल, तर हलक्या हाताने ते कसे वळवावे हे त्याने सांगितले. आपल्या सुश्रुताने अशा अडलेल्या गर्भाला मूढगर्भ म्हटले आणि त्याचे चार प्रकार सांगितले. दाराला आतून घालतात त्या अडसरासारखे आडवे पडलेले मूल, म्हणून एकाला त्याने 'परिघ' असे नाव दिले. पुढे १७१५ साली चीनमध्ये एक लहानशी पुस्तिका निघाली आणि ती घरोघर गेली. दानधर्म म्हणून लोक ती छापून वाटत. लेखकाने आपले खरे नाव न देता टोपणनाव घेतले होते. त्याचे सांगणे इतके साधे होते की आजही पटावे. प्रसूती हे निसर्गाचे काम आहे. बाईने झोप घ्यावी, कळा सोसाव्यात आणि वेळ आल्याशिवाय बसण्याची घाई करू नये. बहुतेक अडचणी बाहेरच्या माणसांच्या घाईने ओढवतात, असे त्याचे मत होते.

अर्थात झोप घेऊन आणि कळा सोसून सगळ्याच सुटका होत नाहीत. तिथे शस्त्रक्रिया लागते, स्वच्छ हात लागतात. कॅन्टनमध्ये हे काम करणाऱ्या एका बाईंचा आणि आपल्या मराठी घराचा एक दुवा आहे, तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले होते आणि ते दहा दिवसांत गेले होते. १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच कॉलेजातून १८८४ साली मेरी फुल्टन नावाच्या अमेरिकन बाई डॉक्टर होऊन बाहेर पडल्या आणि कॅन्टनला गेल्या. तिथे त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालय काढले आणि चिनी मुलींसाठी वैद्यकीय शाळाही चालवली. दोघींची ओळख होती की नाही हे मी सांगू शकत नाही, पण एका छपराखाली शिकलेल्या दोघींपैकी एकीला अडलेल्या बायकांची सेवा करायला पुरे आयुष्य मिळाले आणि दुसरीला बाविसावे वर्षही पुरे करता आले नाही. पुढे हाँगकाँगमध्ये १९१० साली सुइणींसाठी कायदा झाला, १९२२ साली 'त्सान-युक' हे प्रसूतिगृह निघाले आणि नान्-छान् या शब्दातले संकट हळूहळू कमी होऊ लागले. प्रसूतीच्या खोलीतून तो शब्द थोडा मोकळा झाला.

मोकळा झालेला शब्द गप्प बसत नाही. तो वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत शिरला. निवडणूक होऊन आठवडे लोटले तरी मंत्रिमंडळ बनत नाही, मग ते मंत्रिमंडळ 'नान्-छान्'. अंदाजपत्रक सभागृहात अडकले, ते 'नान्-छान्'. एखादा कायदा, एखादा पूल, दोन पक्षांमधला करार, फार काय, लेखकाची लांबलेली कादंबरीसुद्धा 'नान्-छान्'. हाँगकाँगमध्ये पश्चिम काउलून भागात समुद्र भरून काढलेल्या जमिनीवर कलांसाठी एक मोठी वसाहत उभारायची, असे सरकारने १९९८ साली जाहीर केले. सगळे काम एकाच बिल्डरच्या हाती देण्याच्या बेतावर लोकांनी इतके रान उठवले की २००६ साली तो बेत सोडून द्यावा लागला. २००८ साली नवे मंडळ नेमले गेले. आणि तिथले मोठे संग्रहालय अखेर उघडले ते २०२१ च्या नोव्हेंबरात. ज्यांनी बेत ऐकला तेव्हा शाळेत पाऊल टाकले होते, ती मुले तोवर नोकरीला लागली होती. अशा कामासाठी याहून नेमका शब्द कोणता?

यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही, कारण मराठीनेही हेच केले आहे. बाई अडते आणि गाडेही अडते. काम अडते, पैसा अडतो, फाइल अडते. 'कशासाठी अडले आहे?' हा प्रश्न आपण कचेरीच्या खिडकीशी विचारतो आणि बाळंतिणीच्या दाराशीही विचारतो. फरक एवढाच की अडणे या क्रियापदाचे मूळ बाळंतिणीच्या खोलीत आहे असे आपल्याला वाटत नाही. ते सगळ्यांचे आहे. चिनी शब्दाला मात्र ती खोली विसरता येत नाही, कारण प्रसूती हे अक्षरच त्याच्या पोटात आहे. मंत्र्यांच्या भांडणाची बातमी वाचतानाही तिथल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे एक घामाघूम झालेली बाई क्षणभर येत असली पाहिजे.

पण इथेच मला या शब्दाचा थोडा धाक वाटतो. मघाशी मी म्हटले की त्यात कर्ता नाही, आणि हीच त्याची दया. तीच गोष्ट मंत्रालयात गेली की तिचे रूप पालटते. बाई अडते तेव्हा खरोखरच कुणाचा दोष नसतो. कायदा अडतो तेव्हा बहुधा कुणाचा तरी असतो. कुणी सही केली नाही, कुणी शब्द फिरवला, कुणी बिल्डरचे हित पाहिले. त्याला 'अवघड प्रसूती' असे गोंडस नाव दिले की सगळेच सुटतात. जणू आभाळातून आलेली अडचण, कोण काय करणार! जी क्षमा बाळंतिणीला हवी ती कारभाऱ्याला दिली जाते. आणि ज्या लेकराला ती हवी असते, त्याला ती पुष्कळदा मिळत नाही. याची एक जुनी चिनी कथा आहे, ती सांगितली की माझे काम संपले.

ही कथा कॅन्टनच्या पुष्कळ उत्तरेला, आजच्या हनान प्रांतात, चंग नावाच्या राज्यात घडली. 'त्सो च्वान' हा चीनचा प्राचीन इतिहासग्रंथ. त्याच्या आरंभीच ती आहे, आणि चिनी शाळांतून मुले ती पिढ्यान् पिढ्या शिकत आली आहेत. चंगच्या राजाची राणी वू च्यांग इसवी सनापूर्वी ७५७ मध्ये पहिलटकरीण म्हणून बाळंत झाली. मूल उलटे आले, पाय आधी. राणी भयंकर घाबरली. मूल जगले, तीही जगली; पण त्या भीतीतून ती कधी उठलीच नाही. तिने मुलाचे नाव ठेवले 'वू-शंग'. या नावाच्या अर्थावर पंडितांनी बराच वाद घातला आहे. आई झोपेत असताना जन्मला असा अर्थ काहींनी केला. उलटा जन्मलेला, हा अर्थ अधिक मानला जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर मुलाचे नावच तिने 'पायाळू' ठेवले, आणि त्याचा तिला तिटकारा आला. तीन वर्षांनी दुसरा मुलगा त्वान झाला, त्याच्यावर तिने सगळी माया ओतली.

थोरल्याला सोडून धाकट्याला गादी द्या, म्हणून तिने नवऱ्याला वारंवार गळ घातली. त्याने ऐकले नाही. इसवी सनापूर्वी ७४३ मध्ये चौदा वर्षांचा वू-शंग गादीवर बसला. इतिहासात तो च्वांग राजा म्हणून ओळखला जातो. आईने धाकट्यासाठी एक मोक्याचे ठाणे मागितले. ते त्याने नाकारले. मग तिने चिंग हे शहर मागितले, ते त्याने दिले. त्वानने तिथे तटबंदी वाढवली, आसपासची गावे आपल्याकडे वळवली. मंत्री काकुळतीने सांगत होते की, महाराज, वेळीच आवरा. राजा स्वस्थ बसला. दुष्कर्मे साचू द्या, ती आपल्या भाराने कोसळतील, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. बावीस वर्षे अशी गेली. शेवटी त्वानने राजधानीवर चालून येण्याचा बेत केला, आणि आतून वेशीचे दार उघडायला कोण तयार झाले? आई! राजाला दिवस कळला. त्याने दोनशे रथ पाठवले. चिंगची प्रजाच त्वानवर उलटली. तो यनला पळाला, तिथेही हरला, आणि परदेशी परागंदा झाला. हे साल इसवी सनापूर्वी ७२२.

टीकाकारांनी च्वांगला सोडलेले नाही. भावाला वेळीच न शिकवता त्याने मुद्दाम खड्ड्यात जाऊ दिले, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण शाळेत इतकी वर्षे पोरांमध्ये काढल्यावर मला दुसरेच दिसते. आई ज्या मुलाचे तोंड पाहत नाही, तो मुलगा एक तर मोडतो, नाही तर फार थंड होतो. च्वांग थंड झाला होता.

राजाने आईला राजधानीबाहेर दूर नेऊन ठेवले आणि शपथ घेतली की, पिवळे झरे गाठेपर्यंत तुझी-माझी भेट नाही. पिवळे झरे म्हणजे जमिनीखालचे पाणी, आणि चिनी कल्पनेप्रमाणे मेलेल्यांचा मुलूख. मेल्यावरच भेटू, असाच त्याचा अर्थ. शपथ घेतली आणि थोड्याच दिवसांत त्याला पस्तावा झाला. पण राजाची शपथ. ती मोडायची कशी?

यिंग खाओ-शू नावाचा सरहद्दीवरचा एक अधिकारी नजराणा घेऊन आला. राजाने त्याला जेवायला बसवले. त्याने पानातले मांस बाजूला काढून ठेवले. का, असे विचारल्यावर म्हणाला, घरी आई आहे, माझ्या घरचे सगळे तिने चाखले आहे, पण राजाच्या मुदपाकखान्यातले कधी नाही, तिच्यासाठी नेतो. राजाला भडभडून आले. तुला द्यायला आई आहे, मला नाही, असे म्हणून त्याने सगळी हकिकत सांगितली. तो अधिकारी म्हणाला, यात अवघड काय आहे? पाणी लागेपर्यंत जमीन खणा, भुयार करा आणि त्यात भेटा. शपथ मोडली असे कोण म्हणेल?

भुयार खणले गेले. राजा आत उतरला आणि आईला भेटला. दोघांनी आपल्या आनंदाची गाणी म्हटली. ग्रंथकार सांगतो की, त्यानंतर त्यांचे मायलेकरांचे नाते पहिल्यासारखे झाले.

'पहिल्यासारखे' या शब्दापाशी वाचक थबकतो. पहिल्यापासून तर ते बिघडलेलेच होते. जन्माच्या क्षणी जे तुटले, ते पहिल्यासारखे झाले म्हणजे काय? मला वाटते, ते जन्माच्याही आधीचे झाले. एका अंधाऱ्या, अरुंद, ओल्या वाटेत आई आणि मुलगा पुन्हा एकत्र आले आणि दोघेही उजेडात सुखरूप बाहेर पडली. पहिली प्रसूती नान्-छान् होती. ही दुसरी सुन्-छान् झाली. ग्रंथकाराच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे. त्याने मात्र कथेची सुरुवात उलट्या जन्माने केली आणि शेवट भुयारात केला.

आपल्याकडे पायाळू माणसाविषयी कितीतरी समजुती आहेत. त्याची लाथ लागली की भरलेली उसण उतरते, वीज त्याच्यावर धावते, आणि डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसते. मी या समजुती मानत नाही. पण चंगच्या राजाची कथा वाचताना आपली शेवटची समजूत आठवल्यावाचून राहत नाही. त्या पायाळूने जमीन खणली ती पाण्यापर्यंत, आणि त्याला खाली गवसली ती आई.

नावांची गोष्ट मात्र आपल्याला अधिक लागू आहे. हजेरीपटावर वडिलांच्या आणि आजोबांच्या रकान्यांत मी दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे वाचली आहेत. आधीची मुले गेली म्हणून हे दगडासारखे टिकावे, केराकडे यमाची नजर जाऊ नये, या मायेने ठेवलेली ती नावे. ओबडधोबड नावाखाली त्यांत केवढा जिव्हाळा आहे! पण सगळीच ओबडधोबड नावे तशी नसतात. मुलगीमागून मुलगी झाली म्हणून 'नकुशी' हे नाव ठेवले जाई. साताऱ्याच्या जिल्हा परिषदेने २०११ च्या ऑक्टोबरात अडीचशेहून अधिक नकुशींना नवी नावे दिली. त्या मुलींनी कुणाची वाट अडवली होती? वू-शंगने तरी कुणाची? घाबरलेल्या माणसाने आपली भीती एका अर्भकाच्या नावात बांधून टाकली आणि ते नाव त्याने जन्मभर वाहिले.

आपल्याकडे बाळंतपणाची बातमी विचारण्याची एक पद्धत आहे. मुलगा की मुलगी, हे नंतर. आधी विचारतात, 'मोकळी झाली का?' दोन जिवांची होती, तिचा एक जीव मोकळा झाला. मला आपल्या भाषेतला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो आईविषयी आहे आणि त्यात कुणावर ठपका नाही. कॅन्टनच्या लोकांनी अवघड बाळंतपणासाठी बिनठपक्याचा शब्द केला. आपण सुटकेसाठी केला. वू च्यांग राणीला वाड्यातल्या सुइणींनी त्या दिवशी सोडवली असेल, पण ती खरी मोकळी झाली ती पस्तीस-छत्तीस वर्षांनी, भुयाराच्या तोंडाशी.

आज लक्ष्मीपूजनाला घरातली सगळी एकत्र येतील. कुणाचे बाळंतपण कसे झाले होते, कोण किती तास आईला छळून आला होता, अशा गप्पा निघतील, हसू होईल. होऊ द्यावे. फक्त एखादे पोर त्या हसण्यात गप्प झालेले दिसले, तर त्याला जवळ ओढून करंजी द्यावी आणि सांगावे की, बाबा रे, वाट अवघड होती, तू नव्हतास.